सांगायचं टेबल

सरावली, डहाणू
२१ जानेवारी २०२५, मंगळवार

प्रिय श्रुतिका,

आज सकाळी दूध आलं नाही म्हणून काळाच चहा घेतला. अंगण झाडलं. एसटीने तलासरीला गेलो, आईच्या कॉलेजच्या लायब्ररीत काम होतं. दुपारी परत आलो, येताना स्टेशनबाहेर चिकू घेतले. थोडा वेळ पडलो. आता दिवे लागायच्या आत तुला लिहायला बसलो आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस, बाबा, जेवलात का, आणि मी हो म्हणतो. मग सुनिलरावांची चौकशी होते, शितलच्या शाळेची होते आणि फोन ठेवला जातो. मला बोलताना पुढचं सुचत नाही, हे तुला माहीत आहेच. लिहिताना निदान थांबता येतं.

काम असं होतं की आईच्या पिशवीत लायब्ररीचं एक पुस्तक राहिलं होतं. दिवाळीच्या आधी त्या सकाळी तिने डबा भरला, पिशवी खांद्याला लावली, चपला घालायला खुर्चीवर बसली आणि उठली नाही. तुला मी तेव्हाही एवढंच सांगितलं होतं, कारण सांगण्यासारखं एवढंच होतं. ती पिशवी मी खुंटीला अडकवून ठेवली होती. नाताळच्या सुमारास उघडली. डबा तू तेव्हाच काढून घासून ठेवलेला दिसला. पुस्तक मात्र तसंच होतं. लायब्ररीची वस्तू घरात पडून राहिलेली आईला चालली नसती, म्हणून मी पुढच्याच आठवड्यात ते परत द्यायला गेलो.

तू ती लायब्ररी पाहिलीस त्याला फार वर्षं झाली. तेव्हा एक खोली आणि दोन कपाटं होती. आता बघशील तर ओळखणार नाहीस. भरतीच्या परीक्षांची पुस्तकं दाराशीच आहेत, कारण मुलं आधी त्यासाठीच येतात. दोन कॉम्प्युटर आहेत, त्यांवर स्कॉलरशिपचे अर्ज भरतात. सीमेपलीकडच्या पाड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी एक कपाट गुजराती पुस्तकांचं आहे. कोंबडीपालनाचं पुस्तक कवितांच्या शेजारी लावलेलं आहे. ते मी चुकून लागलंय समजून उचलायला गेलो, तर कळलं की आईनेच तसं लावलं होतं. कोंबड्यांसाठी आलेल्याचा हात कधीतरी शेजारीही जाईल, असा तिचा हिशेब. जातो म्हणे.

खिडकीजवळ एक मोठं टेबल आहे. मुलं त्याला सांगायचं टेबल म्हणतात. परत आलेलं पुस्तक तिथे कपाटात जात नाही. ज्याने वाचलं त्याने या टेबलाशी बसायचं, जो कोणी समोर येईल त्याला ते पुस्तक कसं आहे ते सांगायचं, आणि मगच पुस्तक पुढे द्यायचं. आपल्या घरच्या बोलीत सांगितलं तरी चालतं. वारलीत सांगतात, गुजरातीत सांगतात. आवडलं नसेल तर तसंही सांगायचं. फक्त शेवट सांगायचा नाही. तुक्या म्हणून एक मुलगा आहे, त्याच्या पोटात शेवट राहतच नाही. कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, सगळं आधी सांगून मोकळा. शेवटी आईने त्याला फक्त मोटारदुरुस्तीची आणि मत्स्यशेतीची पुस्तकं द्यायला सुरुवात केली. तर म्हणे एकदा तो येऊन बसला आणि म्हणाला, “शेवटी कोळंबी विकतात.” हे ऐकून मी त्या लायब्ररीत मोठ्याने हसलो. बऱ्याच दिवसांनी माझा आवाज माझ्याच कानावर आला.

मला हे सगळं माहीत नव्हतं, त्यामुळे त्या पहिल्या दिवशी मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघालो. तिथे हिरी नावाची मुलगी बसली होती, दुसऱ्या वर्षाची. ती म्हणाली, “काका, असं ठेवून नाय जायचं. आधी सांगायचं.” मी म्हटलं, मी वाचलेलं नाही, हे मॅडमचं आहे. मॅडमचं म्हटल्यावर टेबलाभोवतीची मुलं उठून उभी राहिली. हिरीने पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि मलाच परत दिलं. म्हणाली, “मग तुम्ही वाचा आणि या. मॅडमचं पुस्तक न सांगता कसं घ्यायचं?”

मी आयुष्यात रेल्वेच्या नियमांची पुस्तकं सोडून काही वाचलं नाही. आई रोज संध्याकाळी वाचत बसायची आणि मी पेपर बघायचो. आता हे पुस्तक घेऊन तिच्या खुर्चीत बसू लागलो. जुन्या विहिरी बघत गावोगाव फिरलेल्या एका बाईंनी लिहिलेलं आहे. निम्म्याच्या थोडं पुढे आईने एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं. तिथपर्यंत मला बरं वाटत होतं. हे पान तिने वाचलंय, इथे ती हसली असेल, असं मनात येत राहायचं. तिकिटाच्या पानाशी आलो आणि दोन दिवस पुस्तक उघडलंच नाही. पुढची पानं तिने पाहिली नव्हती. मग तिसऱ्या दिवशी उलटलं आणि उरलेलं एकट्याने वाचलं.

आज ते सांगायला गेलो होतो. टेबलाशी बसलो, समोर हिरी, रूपी, पांड्या आणि आणखी काही मुलं. मी म्हटलं, यात पुष्कळ विहिरी आहेत, काहींना पाणी आहे, काहींना नाही, बाई कुठेही घाई करत नाहीत. एवढ्यावर माझं संपलं. पांड्याने विचारलं, आपल्या इकडची एखादी विहीर हाय का? मी म्हटलं नाही. “मग त्या बाईला बोलवायला पायजे,” तो म्हणाला. हिरी म्हणाली, “काका, मॅडम तुमच्यापेक्षा जास्त बोलायच्या.” सगळे हसले, मीही हसलो. मग मला आणखी थोडं सांगता आलं. एका विहिरीच्या काठावर बाईंना एक म्हातारी भेटते, ते सांगितलं. पुढे काय होतं ते सांगितलं नाही.

हिरीने पुस्तकावर हात ठेवला आणि मी सांगितलेलं तिच्या शब्दांत मला परत म्हणून दाखवलं. “विहिरींचं हाय, बाई घाई नाय करत, एक म्हातारी भेटते. बरोबर?” मी बरोबर म्हटल्यावरच तिने पुस्तक उचललं. मी बघतच राहिलो. परत म्हणून का दाखवलंस, असं विचारलं. रूपी म्हणाली, “तसा नियमच हाय. मॅडम सांगायच्या, आमच्या घरी एक स्टेशन मास्तर आहेत. ड्यूटी संपली तरी दुसऱ्याला सगळं सांगितल्याशिवाय ते खुर्ची सोडत नाहीत, आणि दुसऱ्याने परत म्हणून दाखवल्याशिवाय उठत नाहीत.”

श्रुतिका, मी घोलवड स्टेशनला मास्तर असताना आईने एकदा मला विचारलं होतं, तुम्ही चार्ज देता म्हणजे नेमकं काय करता? मी सांगितलं, कुठल्या लाइनवर गाडी उभी आहे, कुठली मोकळी आहे, ते सगळं येणाऱ्याला सांगायचं, त्याने ते परत म्हणायचं. ती भाजी निवडत होती. बरं, म्हणाली. मला वाटलं, सहज विचारलं असेल. त्यातून तिने एवढं उभं केलं आणि मला कधी बोलली नाही. मला वाटायचं, आपण तिच्या पुस्तकांपासून लांबच राहिलो. आणि या तीन महिन्यांत मनात एकच होतं, की ती काहीच न सांगता गेली. आज तिथे बसून वाटलं, तिने सांगितलं होतं. माझ्याऐवजी त्या मुलांना सांगितलं, एवढंच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दोन तारखेला तुम्ही टेम्पो घेऊन येणार आहात, माझं सामान नाशिकला न्यायला. खोलीला रंग दिलास, खिडकीला पडदे लावलेस, शितलने पलंग कुठे ठेवायचा ते ठरवलं, हे सगळं मला कळतं. पण टेम्पो रद्द कर. आईच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, मुलंच दार उघडतात आणि टेबल चालवतात. तिथल्या शैलेश सरांनी विचारलं, नवीन लायब्रेरियन येईपर्यंत मंगळवार-शुक्रवार बसाल का? मी हो म्हणून आलो आहे. नवीन माणूस आला की त्याला नीट सगळं सांगेन, तो परत म्हणून दाखवेल, आणि मग मी तुझ्याकडे येईन. तोवर खुर्ची सोडता येत नाही. तू रागावशील. तरी दोन तारखेला तिघं या. शितलने नुकतंच वाचलेलं एखादं पुस्तक बरोबर आणावं. हिरी तिला बसवून सांगायला लावणार आहे. येताना मी कोंबडीपालनाच्या शेजारचं एक पातळसं पुस्तक घेतलं आहे. शुक्रवारपर्यंत वाचून व्हायला हवं.

दिवा लावायची वेळ झाली. पुस्तकाला घालायला आईच्या कपाटात खाकी कागद सापडला आहे. आधी भात लावतो. कुकर शांत होईपर्यंत कव्हर घालून होईल.

तुझेच
बाबा