प्रोसेसर कोणी बसवला?

सर, गेल्या आठवड्यात कळंबोलीतल्या एका ऑफिसात माझ्या हातून प्रोसेसर सॉकेटवर पडला. पडला म्हणजे उंचावरून नाही, बोटभर अंतरावरून, आणि तोही सगळा नाही, एक कोपरा तेवढा आधी टेकला. पण एवढं पुरतं, हे तुम्हाला सांगायला नको. सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना उभ्या असतात, त्यांच्यावर प्रोसेसर चारी बाजूंनी एकदम, अलगद ठेवायचा असतो, सरकवायचा नसतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. तुमच्या वेळी त्या पिना काही शे होत्या, आता काही हजार आहेत आणि सर्व्हरचा प्रोसेसर तळहाताएवढा झालाय. तुम्ही जाऊनही बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनातसुद्धा चार ओळी लिहिल्या नाहीत, कारण मी तुमच्यावर रागावलेली होते. माझा राग नाकावर असतो, हे तुम्हीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. तो इतकी वर्षं तिथेच मुक्काम ठोकेल, असं मात्र तुम्हालाही वाटलं नसेल.

तुमचं दुकान पनवेलच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद की सर्व्हरचं खोकं वर न्यायचं तर एकाने पुढून ओढायचं आणि दुसऱ्याने मागून शिव्या द्यायच्या. मी विचुंब्याहून सहा सीटर रिक्षाने यायचे. डिप्लोमा झाला होता, नोकरी नव्हती. मुलाखतीत तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत, एक सुई आणि दोरा पुढे केलात. पहिल्याच खेपेला ओवला, तर म्हणालात, "उद्यापासून ये." मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, मला शिंप्याकडे काम लागलं. टेलिफोन एक्स्चेंजमधून लवकर निवृत्त होऊन तुम्ही हा उद्योग काढला होता आणि तुमची एक खोड होती. कोणी सर्व्हर हवा म्हणून आलं की किंमत सांगण्याआधी तुम्ही त्यांच्या ऑफिसात जाऊन अर्धा दिवस नुसते बसून राहायचात. कोण कशावर काम करतं, कोणाची स्क्रीन अडकते, कोण वाट बघत बसतं, हे पाहायचात. "आधी माणसं काय करतात ते बघायचं. मशीन नंतर." गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा चहा प्यायला येतो. मलाही पहिले सहा महिने तसंच वाटायचं.

मग एकाच प्रोसेसरमध्ये चार कोअर यायला लागले आणि लोकांना ते समजावून सांगता सांगता तुमची दमछाक व्हायला लागली. एका सीएंना तुम्ही सांगत होतात, "असं समजा, एका ओट्यावर आता चार बायका स्वयंपाक करणार. म्हणजे काम चौपट." मी मागे खोकं फोडत होते, तिथूनच बोलून गेले, "सर, आमच्याकडे ओट्यावर आई धरून चार जावा आहेत. काम चौपट होत नाही, भांडण चौपट होतं. एकीची कणीक मळून होईपर्यंत दुसरीने लाटायचं काय?" सीए हसले ते हसलेच, तुम्हाला तर चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणालात, "अगं, हेच तर आहे सगळं. सॉफ्टवेअरला काम वाटून देता आलं पाहिजे. नाहीतर एक राबणार आणि तिघी बसून राहणार." त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही चार जावा ऐकवल्यात, आणि दरवेळी माझ्याकडे बोट करून, "हे वाक्य आमच्या हिचं आहे बरं का." दुसऱ्याचं बोलणं दुसऱ्याच्याच नावावर ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आता एका प्रोसेसरमध्ये चौसष्ट कोअर सहज येतात, सर. केवढं ते खटलं! मी अजून तेच सांगते, लोक अजून हसतात, आणि ज्यांचं सॉफ्टवेअर एका वेळी एकच काम करतं त्यांना मी चौसष्टवालं मशीन विकत नाही. थोडे पण वेगवान कोअर असलेलं देते. त्यांना वाटतं, मला धंदा करता येत नाही.

म्हणूनच त्या दिवशीचं मला इतकं लागलं. करंजाड्याच्या प्लॉटांचे नकाशे काढणारं ते ऑफिस, त्यांचं दोन प्रोसेसरचं मशीन, तोवरचं आपलं सगळ्यात मोठं काम. मालक स्वतः बघायला आले होते. सकाळीच तुम्ही त्यांना म्हणालात, "हे मी स्वतः बसवतो. ही अजून शिकतेय." चार वर्षं झाली होती मला, सर. मी टॉर्च धरून बाजूला उभी. पहिला प्रोसेसर नीट बसला. दुसऱ्याच्या वेळी मालकांना फोन आला, ते बोलत जिन्यात गेले, आणि तुमच्या हातातल्या प्रोसेसरचा कोपरा आधी टेकला. तुम्ही तो उचललात, पुन्हा ठेवलात, झाकण लावलंत. मशीन चालू केलं तर अर्धी मेमरी दिसेना. तोवर मालक येऊन बसले होते. उघडून भिंगातून बघितलं तर एका कडेच्या पिना आडव्या, वाऱ्याने भात लोळतो तशा. "काय झालं?" मालकांनी विचारलं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "अगं, किती वेळा सांगितलं तुला, सरळ ठेवायचा! हात कुठे, लक्ष कुठे!" आणि मी म्हणाले, "सर, मी नाय केलं." दुकानात मी कधी 'नाय' म्हणत नसे. चार वर्षं घासूनपुसून 'नाही' म्हणायला शिकले होते, ते सगळं त्या एका वाक्यात गेलं. "उलट बोलू नकोस," तुम्ही म्हणालात. मालक बिचारे चांगले होते. "जाऊ दे हो, पोरगी आहे, चुकायचंच," म्हणाले. मला तुमच्या ओरडण्यापेक्षा त्यांची ती दया जास्त झोंबली.

दुसऱ्या दिवसापासून मी आले नाही. तीन आठवड्यांनी तुम्ही स्कूटर काढून विचुंब्याला आलात. मी मागच्या पडवीत होते, आईने दोनदा हाक मारली, मी हलले नाही. तुमचा आवाज ऐकू येत होता. त्या दिवसाबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. एवढंच म्हणालात, "हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, एवढं तिला सांगा." स्कूटर गेल्यावर आई आत आली आणि मला म्हणाली, "तुझा सर गेला. चाय दिली त कपाला हात नाय लावला त्यानं. बशीत वतली, बशी तशीच टेबलावर ठेवली नि वाकून प्याला. त्याला काय होतंय काय गो?" मला त्याच क्षणी सगळं कळलं, सर. मागचं वर्षभर तुम्ही सोल्डरिंगला हात लावला नव्हता, शर्टाचं वरचं बटण उघडं असायचं, सह्या मोठ्या मोठ्या व्हायला लागल्या होत्या. सगळं कळलं, आणि तरी मी आले नाही. मला वाटलं, आजारी असाल, पण म्हणून माझ्यावर ढकलायचं? मी बेलापूरला नोकरी धरली. वर्षभरात तुम्ही दुकान बंद केलंत आणि त्यानंतर दोन वर्षांनी गेलात. निरोप मिळाला होता. मी तेव्हाही आले नाही.

आता माझंच ऐका. बेलापूरची नोकरी सोडून मी तुमच्यासारखाच सर्व्हरचा उद्योग काढला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेले काही महिने बधिर असतात. सकाळी जास्त. कोणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरलासुद्धा नाही, कारण त्यांनी काय सांगितलं असतं ते मला माहीत आहे. माझ्याकडे अकरा वर्षं काम करणारा एक माणूस आहे, रोडपालीचा, दोन मुलांचा बाप, शांत, माझ्याहून शंभर पटीने शांत. कळंबोलीचं ते ऑफिस कस्टम क्लिअरिंगचं, दिवसभर कंटेनरची कागदपत्रं, सर्व्हर बंद म्हणजे बंदरात माल अडकला. तो म्हणाला होता, "मॅडम, मी बसवतो." मी म्हणाले, "नको, महागाची वस्तू आहे, मीच बसवते." यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. कोपरा टेकला, मशीन चालू केलं, मेमरीचे काही स्लॉट दिसेनात. त्यांच्या मॅनेजर बाई आल्या तेव्हा मी उभी होते आणि तो वाकून पिना बघत होता, त्यामुळे त्यांनी जे समजायचं ते समजलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, या माणसाला परत आमच्याकडे पाठवू नका." आणि मी म्हणाले, "बरं."

विचार करून नाही म्हणाले, सर. ते आपोआप बाहेर आलं, शिंक येते तसं. आम्ही गाडीने परत निघालो. पुलाखालच्या सिग्नलला तो समोर बघतच म्हणाला, "मॅडम, त्या बाई काय बोलल्या ते मी आयकलं. मी त्याला हात नाय लावला, तुमाला म्हाईत हाय. पन मीच केलं असं सांगितल्यानं तुमचं काम ऱ्हात असंल, तर सांगा. माझी ना नाय." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी इतकी वर्षं धरून चालले होते की तुम्ही त्या दिवशी मला ठरवून पुढे केलंत, स्वतःचं नाव राखायला. ठरवून काही नसतं, हे मला त्या सिग्नलला कळलं. आणि नावाची भीतीही खरी नसते. चूक झाली एवढं कबूल करणं काही अवघड नाही, मी गिऱ्हाइकांसमोर दहादा कबूल केलंय. पण 'माझ्या हातून झालं' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, तो हात आता या कामाचा राहिला का. तुम्हाला तो प्रश्न कोणाच्याही तोंडून ऐकायचा नव्हता. मलाही नव्हता. तुमची कीव आली मला, सर, आणि स्वतःची लाज. दोन्ही एकदम आली म्हणून गाडी बाजूला घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑफिसात गेले, त्याला बरोबर घेऊन. मॅनेजर बाईंना सांगितलं की प्रोसेसर मी बसवला होता, यांनी नाही, आणि काल मी नुसतं 'बरं' म्हणाले ते खोटं होतं. सॉकेटसकट नवा बोर्ड मी देते. बोटांचंही सांगितलं. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. मग यापुढे बसवायला यांना पाठवा, तुम्ही बोलायला या." काम टिकलं. पण बाहेर आल्यावर माझा चेहरा बघून हा म्हणतो, "मग आता तुमी काय करनार?" मी म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकणार." तो हसला नाही. म्हणाला, "तुमी बाजूला खुर्ची घेऊन बसा. मी ठेवताना बगा. माझी नजर चुकली तर सांगायला कोन पायजे." काल नवा बोर्ड आला. मी खुर्चीत बसले. त्याने श्वास रोखून प्रोसेसर ठेवला, सगळी मेमरी दिसली, आणि मला इतकं रिकामं वाटलं की मी उगाच वायरी गुंडाळत बसले. पण बसायला एक खुर्ची होती, सर. तुम्हाला ती कोणी दिली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुमच्या घरी आता दुसरे लोक राहतात, काकूही गेल्या. तरी एक गोष्ट लिहून ठेवते, जी मी आईलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी दुसरा प्रोसेसर उचलण्याआधीच तुमचा हात थरथरताना मला दिसला होता. मालक जिन्यात होते. "सर, द्या, मी ठेवते," एवढंच म्हणायचं होतं, कोणाला कळलंही नसतं, आणि तुम्ही दिला असता, मला खात्री आहे. पण सकाळी तुम्ही 'ही अजून शिकतेय' म्हणाला होतात आणि मला वाटलं, बघू तरी यांना स्वतःला जमतंय का. म्हणून मी गप्प राहिले.