एक घर, एक धागा

अहो दिलीपचे आप्पा,

तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी, चार ओळी लिहायच्या तर बोटं आखडतात. तरी बसले, कारण ही बातमी आधी तुम्हाला कळायला हवी होती आणि कळली साऱ्या वडगावाला! आपली अंकिता पास झाली हो! धारवाडच्या सायन्स कॉलेजात नंबर लागला तुमच्या नातीचा.

शेजारची शांताक्का पेढा खाता खाता म्हणते, "बस की गं जरा खाली! तूच परीक्षा दिल्यागत नाचायलीस." नाचू नको तर काय करू? गेले दोन महिने या घरात कुणाला नीट जेवण गेलं नव्हतं.

आणि तुम्ही समोर असता तर आधी भांडलेच असते तुमच्याशी. व्हय, तुमच्याशीच! सगळा घोळ तुमचा.

त्या प्रवेशपरीक्षेत सायन्सचे निम्मे प्रश्न आलेखाचे आणि तक्त्यांचे. बाकी सगळं पोरीला तोंडपाठ, पण आलेख आला की उत्तर चुकलंच. सरावाचे पेपर लाल होऊन यायचे. दिलीपनं तर सांगूनच टाकलं, "नंबर लागला तर धारवाड. न्हाय तर शाळा बास, घरात बसून साड्यांना गोंडे बांध." तुमचाच लेक, एकदा बोलला की बोलला!

शेवटी तिच्या मॅडमनी जवळ बसवून विचारलं, "पाणी किती तापलं, कसं काढलंस? मोजून दाखव." तर ही बोट ठेवून खालून कागदावरची चौकोनी घरं मोजायला लागली. सात घरं, म्हणून सात अंश! आणि तिथं एक घर म्हणजे पाच अंश, कडेला लिहिलेलं.

"कडेचे आकडे कुणी वाचायचे गं?"

"आमच्या आप्पांनी असंच शिकवलंय मॅडम. एक घर, एक धागा."

ऐकलंत? मांडीवर घेऊन तिला साडीच्या काठाची नक्षी शिकवायचात ना! चौकटीच्या कागदावर मोर काढायचा, रंगवलेलं एक घर म्हणजे मागावर एक धागा, खालून वर मोजत जायचं. साडीला ठीक आहे हो, पण उकळत्या पाण्याला कुठला आलाय धागा? दुसऱ्याच्या कागदावर घराचं माप दुसरं असतं, एवढं तरी सांगून जायचं पोरीला! पण तुम्हाला कसली घाई झालती कोण जाणे.

मग ती रोज आलेख घेऊन बसायची आणि मी शेंगा सोलत तिच्याशेजारी. एकदा विचारलं, "ही रेघ एवढी वर चढून मधेच आडवी का झोपली गं?"

"आज्जी, पाणी उकळायला लागलं की त्याच्यापुढं तापत न्हाय."

"मग मी अर्धा तास उगीच जाळ घालते म्हण की चुलीत!"

लई दिवसांनी हसली तेव्हा.

परीक्षेदिवशी मी शाळेच्या गेटाबाहेर देवाचं नाव घेत उभी. दिलीप म्हणाला, "आई, पेपर तुझा हाय का तिचा?" पण त्याचाही रुमाल घामानं भिजलेला. पोर बाहेर आली ती पांढरीफटक.

"आज्जी, घात झाला. शेवटच्या आलेखात परत घरंच मोजली. उत्तराचा गोल निम्मा काळा केला, मग कडेचे आकडे दिसले."

"खोडायचं की गं."

"पेनानं भरायचं असतंय. दुसरा गोल भरला, पण आता मशीनला दोन दिसतील. आणि आधीच्या आलेखांत काय मोजलं, तेच आठवंना झालंय मला."

मी मनात म्हटलं, एक प्रश्न गेला तर गेला. सगळेच आलेख तसे केले असले तर?

निकालापर्यंत तिला धीर देत राहिले आणि स्वतः मोरीत जाऊन रडत राहिले. आज सकाळी दिलीप मोबाईल घेऊन बसला, तर निकालाचं पान उघडेना. नुसतं फिरतंय, फिरतंय! पोर भिंतीकडं तोंड करून उभी. मग एकदाचं उघडलं. दिलीपनं वाचलं, मोबाईल शर्टाला पुसला, पुन्हा वाचलं.

"हाय."

"काय हाय रं? बोल की!"

"नाव हाय आई! अंकिताचं नाव हाय!"

त्या निम्म्या गोलाचं काय झालं, ते मशीनलाच ठाऊक.

दुपारी पोर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आज्जी, आप्पांची रीत मी सोडली. त्यांना राग आला असंल का गं?" मी म्हटलं, "आधी जरा फुगले असते. मग गल्लीभर सांगत सुटले असते." बरोबर सांगितलं ना हो?

सोमवारी ती जाणार. मागं हे घर मला खायला उठणार, ते कळतंय मला. पण तुम्हाला शब्द देते. फोनवर "कधी येतीस?" म्हणून एकदाही विचारणार नाही. पोर आपणहून "येते" म्हणेपर्यंत तोंड मिटून बसेन. मी आणि गप्प! हसू नका. जमवीन.

तुमचीच,
सुमन