मेंढे त्या महिन्यात कळपात नव्हते

माय, काल लिहिलेल्या पानात एक चूक झाली, ती आधी सुधारते. मी लिहिलं होतं की मामा विचारायला आला तेव्हा तू मला खोटं बोलायला लावलंस. तसं झालं नव्हतं. तू काहीच सांगितलं नव्हतंस, डोळ्यांनीही नाही. तू चुलीकडं तोंड करून डाव्या हातानं भाकरी थापायची धडपड करत होतीस आणि उत्तर मीच दिलं. पान पुन्हा वाचताना लक्षात आलं की माझं खोटं तुझ्या पदरात टाकून मी मोकळी झाले होते.

युसूफ वडगावच्या शिवारात एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी आपल्या मेंढ्या बसवल्या होत्या. मी नऊ वर्षांची. शाळा अजून पाहिली नव्हती. तू चौथी शिकलेली, तूच पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचीस आणि मोजणी कळपावर शिकवायचीस. जे दिसलं न्हाई ते मोजायचं न्हाई, म्हणायचीस. मामा येतो, तुझं सुजलेलं मनगट बघतो आणि बापाच्या, आप्पांच्या देखत मला विचारतो, "काय झालं गं मायच्या हाताला?" मी आप्पांच्या तोंडाकडं बघते आणि म्हणते, "मेंढ्यानं ढुशी दिली." मामा थोडा वेळ कळपाकडं बघत राहतो. अवेळी कोकरं होऊ नयेत म्हणून नर वेगळे काढलेले, ते काकांबरोबर धारूरच्या डोंगराला गेलेले. कळपात एकही मेंढा नव्हता. सारा जन्म मेंढरांमागं काढलेल्या माणसाला हे एका नजरेत कळतं. "लईच मस्ती आली म्हणायची त्या मेंढ्याला," मामा म्हणाला, "शिंगं कापा त्याची." आणि हात धुऊन जेवायला बसला. आप्पा हसले. दादा बारा वर्षांचा होता, तोही हसला. पुढं दोन वर्षांनी तू तापानं गेलीस, तरी मला वाटत राहिलं की मी त्या सगळ्यांना फसवलं. फसलं कुणीच नव्हतं. त्यांना सुखानं जेवायला बसता यावं, एवढी सोय मी करून दिली होती.

आता जे झालंय ते सांगते. गेल्या गुरुवारी वहिनी, म्हणजे दादाची बायको, मनगटाला फडकं बांधून कापडं वाळत घालत होती. मी विचारलं. ती म्हणाली, "मेंढ्यानं ढुशी दिली, ताई." तेच शब्द, माय. ही गोष्ट मी तिला कधीच सांगितलेली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणत्या?" ती दुसरं कापड झटकायला लागली. "वहिनी, मेंढे पंधरा दिवस झाले धर्मापुरीकडं हायेत." तेव्हा ती हसायला लागली आणि हसता हसताच रडू लागली. "मी ह्यांना म्हणलं होतं, म्हैस सांगते. तर म्हणले, म्हैस नको, मेंढाच सांग, आमच्यात मेंढा चालतो."

मी विचारलं, "सोडायचंय का त्याला?" ती म्हणाली, "कावून सोडू? घर माझंबी हाय. मला नांदायचंय. फक्त मार खायचा न्हाई." इतकं सरळ बोलणं आपल्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. त्याच दिवशी मी तालुक्याच्या संरक्षण अधिकारी बाईंना फोन केला. एकदा नाही, चारदा. प्रत्येक वेळी विचारलं, तिला घराबाहेर काढणार नाहीत ना? चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "अगं, कायदा सकाळी होता तोच दुपारी हाय." ती त्याच घरात राहू शकते, मारू नये असा आदेश कोर्टाकडं मागता येतो, तक्रार त्या स्वतः लिहून घेतात आणि माझ्यासारखीनं पाहिलेलं सांगितलं तर तेही नोंदवतात. माय, फोन ठेवला आणि मी अंगणात नुसत्या फेऱ्या मारत राहिले. वहिनीला दोनदा मिठी मारली. ती म्हणाली, "ताई, भाजी करपंल."

मी जबाब लिहून काढलाय. एका बाजूला पाहिलेलं, एका बाजूला ऐकलेलं. पाहिलेलं एकच: मागं एकदा दादानं तिला ओट्यावरून ढकललं. ऐकलेल्यात मारल्याचा आवाज, पाच वेळा, असं लिहिलं होतं. वहिनीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "पाच कुठं, लई जास्त हायेत." म्हटलं, जास्त असतील, पण मी ऐकलेल्या चारच नक्की आहेत. पाचच्या जागी चार केले. ती वैतागली, मग म्हणाली, "बाकीच्या मी सांगते. माझ्या मला पाठ हायेत."

दादा वाईट आहे असं मला लिहिता येत नाही. दहावीच्या सगळ्या पेपरांना त्यानंच मला मोटरसायकलवर नेलं, पेपर संपेपर्यंत उन्हात थांबला. तो ज्या दिवशी हसायला शिकला त्याच दिवशी मी खोटं बोलायला शिकले. बाई म्हणाल्या, समुपदेशनाला त्यालाही बोलावता येईल. तो येईल का, माहीत नाही. माझ्याशी बोलणं मात्र नक्की सोडेल, आणि ते किती वर्षं चालेल हे कुणी सांगू शकत नाही. वहिनीचा थोरला भाऊ उद्या मुक्कामाला येतोय, म्हणजे तक्रार देऊन घरी परतल्यावर ती एकटी नसेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ठाऊक आहे. वहिनीनं विचारलं, "तुमचं नक्की ना?" मी नक्की म्हणाले. पण खरं तुला सांगते, जबाबावर सही अजून केलेली नाही. दोनदा पेन उघडला आणि मिटला. बाईंच्या टेबलापुढं बसून करीन. आज शनिवार. परवा, सोमवारी, सकाळी साडेदहाला.