मागची बोडी आणि तुमसरचे घर

मी, डॉ. रंजू फकिरा दिघोरे, वय ६८, सेवानिवृत्त कुलगुरू, मूळ राहणार आंबागड, हल्ली मुक्काम तुमसर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास वीस पाणवनस्पतींची नावे विचारून पाहावीत. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. सवड नव्हती.

१. माझा सूक्ष्मदर्शक व पुस्तके पर्यावरणशास्त्र विभागाला द्यावीत. सायकल स्टँडशेजारच्या खोलीत, तीन विद्यार्थ्यांवर मी तो सुरू केला. पुस्तके कुलपात ठेवू नयेत; चिखल लागला तरी चालेल.

२. माझी मुदत ठेव आंबागडच्या मनकर्णाकाकूंच्या मासेमार महिला गटाला. कारण नोंदवते. मी कुलगुरू झाले त्या वर्षी इमारत समितीने विद्यापीठामागची बोडी बुजवून सभागृह बांधायचे ठरवले. त्या तळ्यात बेशरमाची झुडपे माजली होती, मासोळी उरली नव्हती. मी एक वर्ष मागितले. मासोळी परतली नाही तर बुजवण्याच्या आदेशावर मीच सही करीन, असे लिहून दिले. मग काकूंकडे गेले.

"काकू, पोट्ट्याइले शिकवाले चाल."

"मी काय शिकवू व? मले त वाचताबी येत नाई."

"बोडी त वाचता येते ना?"

"थे त येते," काकू म्हणाल्या आणि पदर खोचला.

विद्यापरिषदेत प्रा. ताराचंद बोरकर गरजले, "विद्यापीठाचा मासळीबाजार करता काय?" काकूंनी विद्यार्थ्यांकडून बेशरमाची झुडपे मुळासकट उपटून घेतली, उन्हाळ्यात तळ नांगरला, आणि कोणत्या मासोळीला काय लागते ते सांगत देशी वनस्पती लावल्या. दिवाळीआधी जाळे टाकले. पहिल्यांदा नुसता गाळ आला. दुसऱ्यांदा मरळ आली, पाठोपाठ दाडक! मी कुलगुरू असून बोडीच्या पाळीवर नाचले. सभागृह नंतर माळावर झाले.

३. प्रा. ताराचंद त्या दिवशी मासोळी जवळून पाहायला उतरले आणि दोन्ही बूट चिखलात गमावून बसले. दुसऱ्या दिवशी ते काकूंच्या तासाला मागच्या रांगेत वही घेऊन बसलेले मी स्वतः पाहिले. त्यांना आठ नंबरचे नवे गमबूट द्यावेत. त्यांच्यावरचा माझा राग संपला आहे. थोडा शिल्लक निघाल्यास तोही त्यांनाच.

४. तुमसरचे माझे स्वकष्टार्जित घर धाकटा भाऊ हेमराज याला. मी शिकावे म्हणून त्याने सातवीतून शाळा सोडली, बाबांसोबत जाळे धरले, आणि मला सायकलवर बसवून तुमसर रोड स्टेशनला पोचवत राहिला. मी रडून म्हणायची, "नको ना रे, तू शाळेत जाय." तो पायडल मारत म्हणायचा, "गाडी सुटन, बाई. गप बस."

आता तो घर नको म्हणेल. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी नेमत असलेली त्याची मुलगी खुशी हिने त्याला माझे उत्तर वाचून दाखवावे: गप बस.

वरील मजकूर वाचून पाहिला. बरोबर आहे. दोन ठिकाणी हसू आले.

स्थळ: तुमसर, जि. भंडारा
दिनांक: १२ जानेवारी २०२५

(सही) रंजू फकिरा दिघोरे

यांनी आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केल्या:
१. (सही) अ‍ॅड. कैलाश श्यामराव बांते
२. (सही) डॉ. अंजू सुखराम पटले