पाण्यावर रोखलेला हात

बाळ्या,

तू बंदरापर्यंत येतोस आणि घरी न फिरकता दुसरं जहाज धरतोस, हे कळलं मला. सासूबाई येईल त्याला सांगतात, "त्याला एकच काम होतं, बघत राहायचं. तेवढंही जमलं नाही."

जहाजावरून माणूस पडला की बाकीचे धावपळ करतात, पण एकाने फक्त त्याच्याकडे हात रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही, म्हणजे तो पाण्यात कुठे आहे ते सुटत नाही. तुझ्या दाजींनीच सांगितलं होतं मला. ते पडले तेव्हा तो एक तू होतास. कॅप्टन फोनवर म्हणाला, ते दिसेनासे झाले तरी तू हात खाली घेईनास. शेवटी दोघांनी धरून तो खाली घ्यायला लावला.

काल मी धक्क्यावर गेले. एक रिकामा डबा पाण्यात फेकला आणि त्याच्यावर हात रोखून उभी राहिले. लाटा बेताच्याच होत्या. उन्हाने डोळे भरून आले, पापणी लवली आणि डबा गेला. पुन्हा दिसलाच नाही. लोक वेडी समजून बघत होते.

घरी ये रे. नवरा गेला, आता भाऊही जिवंतपणी गमवायचा का मी? सासूबाईंचं मी बघून घेईन.

खरं तर 'तुझी चूक नव्हती' एवढंच लिहायला बसले होते. कागदावर कागद फाडले. डबा माझ्याही डोळ्यांदेखत गेला, तरी ते वाक्य काही उतरत नाही. आणि त्याच्याशिवाय हे पत्र पोस्टात टाकलं, तर तू तेवढंच शोधत बसशील.

तुझीच,
ताई