लोखंडी पेटीतलं लायसन्स

जर्मनी, १२ ऑक्टोबर
(गावाचं नाव मला लिहिता येतं, पण तुला वाचता येणार नाही.)

प्रिय ज्योतिबा यास तासगाव मुक्कामी आकारामचा रामराम.

आधी तुझी तब्येत, मग म्हशीची, मग द्राक्षबागेची, अशा क्रमाने खुशाली कळव. (तुझ्या लेखी क्रम उलटा असतो, ठाऊक आहे.) छाटणी उरकली असेल. डोळे फुटायला काड्यांना पेस्ट लावणाऱ्या बाया मिळाल्या का? माझी प्रकृती उत्तम. गुडघा दुखतो, पण तो इथल्या हवेने दुखतो, असं लेक अपेक्षा म्हणते. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत "आवाज येतोय का" एवढंच विचारतोस, आणि फौजेत बावीस वर्षं पत्रांवर काढलेल्या माणसाला मनातलं कागदावरच सांगता येतं.

तर मुख्य गोष्ट अशी, की माझ्या लेकीने मला इथंच कायमचं ठेवून घ्यायचं ठरवलं आहे. तुझी वहिनी गेल्यापासून मी तिकडे एकटा काय खातो, कधी झोपतो, याचा तिला घोर. मी म्हटलं, मी इथं बसून करू काय? ती म्हणाली, गाडी चालवा, नातीला शाळेत सोडा-आणा. गाडी म्हटल्यावर मी हरखलो, हे कबूल करतो. पण त्यासाठी इथली परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षेच्या अर्जाला आपलं सांगलीचं मूळ लायसन्स जोडावं लागतं. ते मी निघताना घरी विसरलो. घराची किल्ली तुझ्याकडे आहेच. माजघरातल्या लोखंडी पेटीत, तुझ्या वहिनीच्या साड्यांच्या घडीखाली बघ आणि धाडून दे. ते आलं, परीक्षा झाली, की मी इथला झालो.

इथल्या गाडीचं तुला सांगतो. गाडीत माणसांच्या आधी सामान बसतं. लायसन्स आणि गाडीचा कागद तर झालाच, शिवाय डिकीत एक लाल त्रिकोण (गाडी बंद पडली की मागे शंभर पावलांवर उभा करायचा), एक भगभगीत पिवळं जाकीट (ते अंगात चढवल्याशिवाय बंद गाडीतून उतरायचं नाही) आणि मलमपट्टीची पेटी. या पेटीवर मुदतीची तारीख असते. तुमचं डोकं फुटलेलं चालतं, पण पट्टी शिळी चालत नाही. हे सगळं अपेक्षाने मला एकेक वस्तू हातात देऊन समजावलं, आणि मी आपली शिटा भरून पळवायची वडापची जीप आठवत मान डोलावत होतो. समोरच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत आरसी बुक, देवाचा अंगारा, एक पाना, सुतळी, उदबत्तीचा पुडा, आणि टाकी गळायला लागली की भोकावर चोळायला अंगाच्या साबणाची अर्धी वडी. तेवढ्यावर आपण तासगाव-सांगली किती वर्षं केलं. कुणाला खरचटलं तर पुढच्या दुकानात हळद मागायची. आटपाडीच्या अलीकडे जीप बंद पडली तो दिवस तुला आठवतो का? तू बॉनेटमध्ये डोकं घालून मला शिव्या देत होतास, आणि तुझ्या वहिनीने बाभळीखाली भाकरीचं गठुळं सोडलं. एक मेंढरंवाला थांबला, तर त्यालाही बसवला. गाडी दोन तासांनी सुरू झाली, आणि मला मनातून वाटत होतं, एवढ्यात व्हायला नको. तसं जेवण मी पुन्हा जेवलो नाही.

आता माझा पराक्रम. गेल्या शनिवारी मी डिकी झाडली. झाडताना त्रिकोण, जाकीट, पेटी, सगळं काढून गॅरेजच्या फळीवर ओळीने रचलं (फौजेतली सवय) आणि परत ठेवायचं राहिलं. रविवारी आम्ही दोघं फिरायला निघालो, आणि भर जंगलातल्या रस्त्यावर टायर बसला. अपेक्षाने डिकी उघडली, मग माझ्याकडे बघितलं, मग मदत बोलावायला फोन लावला. मी गप्प कसा राहणार? मी उतरलो, चांगली पानांची फांदी मोडली, गाडीमागे आडवी टाकली आणि तिच्यापासून मागे पांढऱ्या पट्टीला धरून दगड मांडत गेलो. एक मोठा चाकाला लावला. आपल्याकडे एवढं बघून एसटीवाला लांबूनच गाडी बाजूला घेतो. इथं लोक वेग कमी करून फोटो काढायला लागले. थोड्याच वेळात पोलीस आला.

अपेक्षाचं तोंड लाल झालं. "बाबा, आवं फांदी कशाला मोडलीसा? हितं पान तोडायचं तरी इचारून तोडत्यात." (रागावली की ती जर्मनी विसरून तासगावची होते. मला ते फार बरं वाटतं.) पोलीस पोरसवदा, पण सहा फुटांचा. त्याने आधी फांदी बघितली, मग सगळे दगड मोजले, मग मला काहीतरी विचारलं. मी टाचा जुळवून फौजी सलाम ठोकला. त्यानेही ठोकला. मग आपल्या गाडीतला त्रिकोण आणून मागे लांब उभा केला, अपेक्षाला सक्त समज दिली आणि माझ्याकडून एकेक दगड उचलवून घेतला. दंड तेवढा केला नाही.

घरी आल्यावर लेक तडक स्वयंपाकघरात गेली. माझ्याकडे पाठ करून हसायला लागली, आणि हसता हसता रडली. म्हणाली, "तिकडं तुमी असं एकटं वाटंत बंद पडलासा, तर कोण हाय तुमाला?" म्हणून, ज्योतिबा, लायसन्स मागवतो आहे.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
आकाराम

ता. क. पेटीची किल्ली पिठाच्या डब्यात आहे. तुझ्या वहिनीची जागा. मी बदललेली नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं अपेक्षासमोर बसून लिहिलं. ती चहा देता देता वाचते. हे टपालपेटीजवळच्या बाकावर बसून लिहितो आहे. घरातली लोखंडी पेटी उघडू नकोस. लायसन्स तिच्यात नाही, माझ्या बंडीच्या आतल्या खिशात आहे. त्याच्या पाकिटात तुझ्या वहिनीचा फोटो असतो, ते मी कुठं विसरणार? हे पत्र पोचलं, की दोन दिवसांत अपेक्षाचा तुला फोन येईल. तिला सांग, पेटी, फडताळ, माळा, सगळं पालथं घातलं, कुठं सापडत नाही, आकारामला स्वतः येऊनच शोधावं लागेल. तुला धड खोटं बोलता येत नाही, तेव्हा आधी म्हशीसमोर दोन-तीनदा म्हणून बघ. पोर गुणाची आहे, मला काही कमी नाही. पण मला घरी यायचं आहे, गड्या, आणि तिच्या तोंडावर तसं म्हणायची माझी छाती होत नाही. एकदा शोधायला आलो, की ते लवकर सापडणार नाही, एवढं मी बघतो.