जोडी क्रमांक एकोणतीस

६ मार्च

चि. वन्सं,
अ. उ. आ. वि. वि.

…अंडी उकडत होती, ओटा पुसून झाला होता, हे दाराशी बसून बुटांना ब्रश मारत होते, आणि मी एक डोळा दुधावर ठेवून दोघांचे आदल्या दिवसाचे तक्ते भरत होते. उन्हात किती मिनिटं बसलो ते हवं तेवढं लिही, पण बिस्किटं किती खाल्ली ते लिहू नकोस, असं यांचं चाललं होतं. त्या बोलण्यात दूध उतू गेलं. मी दुसऱ्या दिवशी तक्त्यात तसंच लिहिलं, की सकाळचं दूध नाही, उतू गेलं. हे दोन दिवस हसत होते.

मागच्या वर्षीच्या जानेवारीतली ही सकाळ. कालपासून तीच डोळ्यांसमोर आहे, कारण काल दवाखान्यात जाऊन रक्ताचा आकडा घेऊन आले.

तूच आम्हाला भरीस घातलं होतंस, तेव्हा ऐक आता. दवाखान्याच्या त्या पाहणीत नवरा-बायकोच्या चाळीस जोड्या घेतल्या होत्या, एका घरातल्या, एकाच स्वयंपाकाचं खाणाऱ्या. हिवाळा संपताना एकदा आणि उन्हाळा संपताना एकदा रक्त द्यायचं, आणि रोज काय खाल्लं, उघड्यावर उन्हात किती वेळ होतो, ते लिहायचं. रक्तातलं ड जीवनसत्त्व खाण्याने किती बदलतं आणि ऋतूने किती, हे डॉक्टरीणबाईंना बघायचं आहे. आमची जोडी एकोणतिसावी. मागच्या मार्चमध्ये यांचा आकडा बावीस, माझा एकोणीस. सप्टेंबरात यांचा चौतीस, माझा अठ्ठावीस. हे दिवसभर घरोघर विजेचे मीटर वाचत उन्हात हिंडायचे आणि मी बाइंडिंगखात्यात छपराखाली पुस्तकं शिवत बसायची, म्हणून हे पुढे. किती ऐट केली होती त्या चार आकड्यांची, तुला फोनवरसुद्धा सांगितलं होतं.

ऑक्टोबरात हे गेले. जोडीतली मी एकटीच काल गेले. माझा आकडा नऊ आला आहे.

मांड्या दुखतात हे खरं. कारखान्याचा जिना कठडा धरून चढते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचे तक्ते बघता खाणं उत्तम आहे, म्हणजे आतडं ते घेत नसावं. पंधरा एप्रिलला तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढून बघणार आहेत. तू आयुष्यभर रक्ताच्या नळ्यांत बसली आहेस, तुझं काय मत ते कळव.

बाकी ठीक. एक गंमत. कोपऱ्यावरचा मासळीवाला आमच्या मालकांना विचारत होता, की ती बाइंडिंगवाली बाई गाव सोडून गेली का.

माझ्यावर माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी वहिनी

१२ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या जावईबापूंच्या गुडघ्याचं आणि माझ्या वाढत्या वजनाचं पुढच्या वेळी लिहीन, आधी तुझा नऊ.

ऋतूने फरक पडतोच. आमच्या प्रयोगशाळेत सप्टेंबरचे आकडे बघितले की वाटतं सगळं गाव ठणठणीत आहे, आणि मार्चमध्ये तीच माणसं अर्ध्यावर आलेली असतात. आपण राहतो एवढ्या उत्तरेला, इथे हिवाळ्यात सूर्य इतका तिरपा असतो, की उन्हात बसूनही कातडी फारसं काही बनवू शकत नाही. तेव्हा उन्हाळ्यात साठवलेलं पुरवून पुरवून वापरायचं, आणि वर मासे, अंड्यातला बलक, ड घातलेलं दूध यांतून मिळेल ते. खाण्यातून थोडंच मिळतं, पण हिवाळ्यात त्या थोड्याचीच किंमत असते. आणि कारखान्यात खिडकीशी बसते म्हणून ऊन मिळतं असं धरू नकोस. काचेतून ऊब येते, ड बनवणारं ऊन येत नाही.

पण नऊची तुलना अठ्ठाविसाशी करायची नाही. मार्चची मार्चशी करायची. एकोणिसाचे नऊ झाले, आणि ऋतू तर दोन्हीकडे तोच. मग बदललं काय? आतडं एका वर्षात असं संप पुकारत नाही, निदान क्वचित. दोन्ही हिवाळ्यांच्या तक्त्यांच्या कार्बन प्रती मला पाठव. मासळीवाल्याचं वाचून मी हसले, आणि मग हसू थांबलं.

रागवायचं असेल तर रागव, पण उत्तर दे.
तुझं शेंडेफळ

१७ मार्च

चि. वन्सं,
आ. वि. वि.

दोन्ही गठ्ठे सोबत पाठवते आहे. निळा दोरा मागच्या हिवाळ्याचा, पांढरा या हिवाळ्याचा. त्यात काय बघणार आहेस ते मला कळत नाही. तक्ते वाटणारी ती मुलगी सांगत होती, चाळीस घरांत इतके नीट तक्ते कुणाचेच नाहीत.

सध्या आमच्याकडे आहाराचंच एक पुस्तक शिवायला आलं आहे. छापील कागदाच्या घड्या शिवता शिवता वाचायची माझी खोड तुला माहीत आहे. सोळा पानं जीवनसत्त्वांची वाचली, पुढची सोळा पलीकडच्या बाईच्या ढिगाऱ्यात गेली. तिला विचारलं पुढे काय आहे, तर म्हणाली, तिने फक्त आकृती बघितली, एक माणूस वाकडे पाय घेऊन उभा आहे. माझं सगळं शिक्षण असंच झालेलं आहे, मधली सोळा पानं गाळून.

जावईबापूंच्या गुडघ्यावर शेक घ्या म्हणावं, आणि तू खाण्यावर जरा हात आवर. हे मी प्रेमाने म्हणते आहे.
वहिनी

२४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल रविवार होता. दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि तारखेला तारीख लावत गेले.

वहिनी, मागच्या वर्षी चौदा जानेवारीला तू लिहिलं आहेस, दोन अंडी, दुपारी मासा, सकाळचं दूध नाही, उतू गेलं. या वर्षी चौदा जानेवारीला लिहिलं आहेस, दोन अंडी, दुपारी मासा, सकाळचं दूध नाही, उतू गेलं. एकाच तारखेला दोन वर्षं दूध उतू घालवणारी बाई मी अजून बघितलेली नाही. पुढे अकरा फेब्रुवारीला दोन्ही वर्षी मशरूमची भाजी खारट झाली आहे. दोन्ही वर्षी वीस तारखेला चाळीस मिनिटं बाकावर ऊन.

या हिवाळ्यात तू खरं काय खात होतीस? मी तुला जाब विचारत नाही. पण नळीची तारीख ठरलेली आहे, आणि ती नळी तुझ्या आतड्यासाठी नाही, या तक्त्यांसाठी घातली जाणार आहे. डॉक्टरीणबाईंना सांग. एवढंच सांगायचं, की मी जेवत नव्हते.

तुझ्या आधी मी त्यांना काही कळवणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही.
शेंडेफळ

२९ मार्च

वन्सं,
आ. वि. वि.

पकडलंस. दूध तेवढं गाळायला हवं होतं.

हे गेल्यावर पंधरा दिवस मी तक्ते भरलेच नाहीत. मग त्या मुलीने आठवण केली. लिहायला बसले तर लिहायला होतं काय, चहा आणि पाव. तीन दिवस चहा-पाव लिहिलं, चौथ्या दिवशी लाज वाटली. मागच्या वर्षीची प्रत काढली आणि एक दिवस उतरवून घेतला. मग रोजच उतरवत गेले. फसवायचं म्हणून केलं असं नाही गं. अंडी मी उकडत नव्हते, पण लिहायला सात-आठ मिनिटं लागायची आणि तेवढी बरी जायची. यांचेही तक्ते भरले. ते दिले नाहीत, तेवढी अक्कल शाबूत होती. ऊनही खरं नाही. रविवारी दोघं त्या बाकावर बसायचो, तिथे मी एकदाही गेलेले नाही.

पण सांगणार नाही. अर्जाच्या मागे नियम आहेत, आणि मी मागची बाजू आधी वाचणारी बाई आहे. जोडीतला एक वारला तर त्याचे झालेले आकडे धरले जातील. पण जोडीतल्या एकाचेही तक्ते खोटे निघाले तर जोडी रद्द, दोघांचे आकडे बाद.

वन्सं, यांच्या रस्त्यांवर आता दुसरा मीटरवाला फिरतो. यांची सायकल त्यालाच दिली. ऑफिसातल्या फळ्यावरून नाव पुसलं. बँकेतून काढलं, दूधवाल्याच्या वहीतून काढलं. एवढ्या एका ठिकाणी हे अजून मोजले जातात, बावीस आणि चौतीस. ते मी माझ्या हाताने खोडू? त्यापेक्षा नळी घालू दे. घसा दोन दिवस दुखेल आणि राहील.

यावर वाद घालू नकोस.
वहिनी

३ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वाद घालते. घरातली शेंडेफळं त्यासाठीच असतात.

तो माझाही भाऊ होता. चौतीस आकडा मी माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, वर्ष संपलं तरी ते पान फाडलं नाही. तेव्हा तू काय मागते आहेस ते मला कळत नाही असं समजू नकोस.

पण जरा पुढचा विचार कर. डॉक्टरीणबाई एक दिवस ते चाळीस घरांचे तक्ते जुळवायला बसतील. एकोणतिसाव्या घरात बघतील, रोज दोन अंडी, आठवड्याला दोनदा मासे, दूध, ऊन, आणि आकडा नऊ. त्यावरून त्या म्हणतील की हिवाळ्यात खाण्याचा काही उपयोग होत नाही. मग त्या दुसऱ्या कुणाला तरी तसंच सांगतील, आणि ती बाई अंडी आणणं सोडून देईल. त्या खोट्यात दादाचा चौतीस मिसळलेला असेल.

तुला आठवत असेल, कुलूप लागलेल्या घराचं रीडिंग अंदाजाने टाकायची दादाच्या ऑफिसात मुभा होती. सगळे टाकायचे. दादा तीन-तीनदा परत जायचा. मी त्याला वेडा म्हटलं होतं, तर म्हणाला होता, की अंदाजे टाकायचं तर मग मी दारापर्यंत चालतो कशाला. मला तर वाटतं, तुझे तक्ते त्याच्या हाती लागले असते तर तो आधी हसला असता आणि मग तुला सायकलवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेला असता.

माझा मुद्दा इथे संपला. आता साधं सांगते. नऊ हा आकडा वाईट आहे, पण हट्टी नाही. औषधाने, खाण्याने आणि आता येणाऱ्या उन्हाळ्याने तो वर चढतो. मी अशी शेकडो माणसं बघितली आहेत, म्हणजे त्यांच्या नळ्या बघितल्या आहेत. फक्त तू जिन्यावरून पडायच्या आत.

तू जे ठरवशील त्यानंतरही मी तुझीच आहे, हे गृहीत धर.
शेंडेफळ

गुरुवार, १० एप्रिल

चि. वन्सं,
अ. उ. आ. वि. वि.

काल तुझं पत्र आलं. आज अर्धी रजा टाकली आणि दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, दुधासकट. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मग खरं काय खाता. चहा-पाव म्हटलं. कधीकधी पाव-चहा. त्या हसल्या नाहीत. ती तक्तेवाली मुलगी मात्र लाल झाली. तिने नव्या मुलींना शिकवायला माझे तक्ते नमुना म्हणून लावले होते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, अक्षर तरी खरंच चांगलं आहे.

नळी रद्द झाली. आठवड्याला एक गोळी, जेवणानंतर, आठ आठवडे. रोज नाही, आठवड्याला एक, असं त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, कारण कुणीतरी रोज घेऊन आजारी पडलं होतं म्हणे. शिवाय मासे, अंडी, आणि आता ऊन वर आलं आहे तर दुपारच्या सुट्टीत बाह्या वर करून पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. कारखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसेन म्हटलं, तिथे पलीकडची बाई डबा खाते. तिच्याकडून आकृतीसुद्धा समजून घेईन.

जोडी रद्द झाली. त्या मुलीने रजिस्टर काढलं, एकोणतीस नंबर शोधला, पट्टी ठेवली आणि लाल पेनने रेघ मारली. त्या रेघेखाली माझे तीन आकडे गेले, यांचे दोन गेले. त्या वेळी मी दुसरीकडे बघत होते असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. मी नीट बघितलं. बावीस आणि चौतीस रेघेखालून वाचता येत होते.

येताना मासळीवाल्याकडे थांबले. त्याने मला ओळखलं नाहीसं दाखवलं आणि विचारलं, नवीन आलात का या भागात. चावटपणा जात नाही त्याचा. लहानसा एक घेतला. तव्यावर टाकला आणि अर्धा खाल्ला. अर्धा खरंच गेला नाही, वन्सं. उद्या बघू.

जावईबापूंना नमस्कार. तुझ्या वजनाबद्दल मी आता काही बोलण्याच्या लायकीची राहिले नाही. लोभ आहे, त्यात आजपासून उपकारही धर.
तुझी वहिनी

ता. क. पत्र काल टपालात टाकायचं राहिलं. वर एक गोष्ट लिहिली नव्हती. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की त्यांनी एकट्या राहणाऱ्यांची वेगळी यादी सुरू केली आहे, यायचं तर अर्ज घेऊन जा. मी तो पिशवीत टाकून आणला होता. आज सकाळी भरला. घरात जेवणारी माणसं किती, या रकान्यात एक असं लिहिलं, आणि कामावर जाता जाता दवाखान्याच्या खिडकीत देऊन आले.